उद्योगातून जीवनशिक्षण : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

१. विषयाची मांडणी

‘जीवनकौशल्ये’ हा शब्द आपल्या शैक्षणिक चर्चेत गेल्या तीनएक दशकांत स्थिरावला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० नंतरच्या दशकात अशा दहा कौशल्यांची यादी प्रसृत केली. स्वतःची ओळख, समानुभूती, चिकित्सक विचार, सर्जनशील विचार, निर्णय घेणे, समस्या सोडविणे, परिणामकारक संवाद, परस्परसंबंध, ताणतणावांना तोंड देणे आणि भावनांचे नियमन अशी ती यादी आहे. पुढे तिला ‘उद्यमशीलता’ या आणखी एका शब्दाची जोड मिळाली. यादी निर्दोष आहे. अडचण निर्माण होते ती तिचे तासिकांत रूपांतर करू लागल्यावर. ‘निर्णयक्षमता’ या विषयावर पाठ घेता येतो, त्यावर पाच गुणांचा प्रश्नही विचारता येतो. परंतु तो प्रश्न अचूक सोडविणारा विद्यार्थी प्रत्यक्ष निर्णयाच्या वेळी डगमगणार नाही, याची हमी कोणताही शिक्षक देऊ शकत नाही. पोहण्याचे नियम पाठ असणे आणि विहिरीत तरंगता येणे यांत जे अंतर आहे, तेच येथेही आहे.

यावर कृतीतून शिक्षण हा उपाय सुचविला जातो आणि तो योग्यच आहे. परंतु ‘कृती’ म्हणजे नेमके काय, याविषयी आपल्याकडे पुरेसा काटेकोर विचार होत नाही. हाताने काहीतरी करणे एवढाच तिचा अर्थ घेतला, तर रंगीत कागदाची फुले करणे आणि घराचा पाया आखणे यांत शैक्षणिक दृष्ट्या काही भेद उरत नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, कृतीला शैक्षणिक मूल्य प्राप्त होण्यासाठी दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. विद्यार्थ्याने केलेल्या कामावर दुसरे कोणीतरी खरोखर विसंबून असले पाहिजे, ही पहिली अट. आणि त्या कामाचा जमाखर्च विद्यार्थ्याने स्वतः प्रामाणिकपणे मांडला पाहिजे, ही दुसरी. या दोन अटींच्या कसोटीवर महाराष्ट्रातील पूर्वीच्या प्रयत्नांचा प्रथम संक्षेपाने परामर्श घेऊन, नंतर बुलढाणा जिल्ह्यातील शेतीजीवनातून निघू शकणाऱ्या एका प्रकल्पाचा तपशीलवार विचार येथे केला आहे.

२. पूर्वपीठिका : फुले ते वर्धा

शाळेचा अभ्यासक्रम जीवनाला उपयोगी असावा ही मागणी आपल्याकडे जुनी आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळांत मोडी व बालबोध लेखन-वाचन, हिशेब, सामान्य इतिहास, भूगोल व व्याकरण यांबरोबरच शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्यविषयक पाठ असावेत, अशी मागणी केली होती. शेतकऱ्याच्या मुलाला शाळेत जे मिळते त्याचा त्याच्या घरच्या व्यवहाराशी संबंध असावा, हा तिच्यामागील विचार होता. हिशेब आणि शेती या दोन गोष्टी तेथे एकत्र आल्या आहेत, ही बाब आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे वर्धा योजना. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याच वर्षाच्या डिसेंबरात अहवाल दिला. आणि फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने योजनेचे तत्त्व स्वीकारले. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि मूलोद्योगाशी सर्व विषयांचा समवाय ही तिची मुख्य सूत्रे होत. समितीच्या वेळापत्रकात साडेपाच तासांच्या शाळेपैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगाला दिलेली होती. बुलढाणा जिल्हा त्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतात मोडत होता. त्याच प्रांतात पं. रविशंकर शुक्ल यांच्या पुढाकाराने १९३८ मध्ये विद्यामंदिर योजना निघाली. गावाने शाळेला जमीन द्यावी आणि त्या जमिनीच्या उत्पन्नातून शिक्षकाचा निर्वाह व्हावा, अशी तिची कल्पना होती. शाळा आणि शेत यांची गाठ घालण्याचा विचार वऱ्हाडाला नवा नाही, हे यावरून ध्यानात येईल.

वर्धा योजनेवरील आक्षेपांपैकी सर्वांत मूलगामी आक्षेप स्वावलंबनाविषयी होता. मुलांच्या कामातून शिक्षकाचे वेतन निघावे असे म्हटले की, उत्पादनाचा भार मुलांवर पडणार आणि शाळेच्या वस्तू बाजारात कारागिराच्या वस्तूंशी स्पर्धा करू लागणार, अशी शंका प्रा. के. टी. शाह यांनी उपस्थित केली. खुद्द समितीच्या अहवालातही हा धोका मान्य करून, आर्थिक अंगावर अवाजवी भर दिल्यास शिक्षणाचा सांस्कृतिक व बौद्धिक हेतू बाजूला पडेल असा इशारा दिला होता. आपल्या कसोटीच्या भाषेत सांगावयाचे तर, वर्धा योजनेत जमाखर्च होता, परंतु तो शाळेचा होता, विद्यार्थ्याचा नव्हता. सुताच्या लडीचे मोल किती हे ठरविण्याचे, माल पडून राहिला तर काय करावे याचा विचार करण्याचे काम मुलाकडे नव्हते. तो उत्पादक झाला, व्यवहाराचा कर्ता झाला नाही.

३. कार्यानुभवाची परिणती

कोठारी आयोगाने (१९६४–६६) ‘कार्यानुभव’ ही संज्ञा पुढे आणली. घरी, कार्यशाळेत, शेतात किंवा कारखान्यात उत्पादक कामात भाग घेणे हा सर्व शिक्षणाचा अविभाज्य घटक असावा, ही आयोगाची भूमिका होती. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ ही अधिक नेमकी कल्पना मांडली. ‘समाजोपयोगी’ या विशेषणात आपली पहिली अट सूचित झाली आहे, असे म्हणता येईल.

तथापि वर्गापर्यंत पोहोचता पोहोचता या कल्पनेतील विशेषण गळाले. ज्यांचे शालेय शिक्षण महाराष्ट्रात झाले आहे, त्यांना कार्यानुभवाच्या तासाला केलेली तोरणे, शुभेच्छापत्रे आणि काडेपेट्यांची घरे आठवतील. ती कोणाला हवी होती? बहुधा कोणालाच नाही. ती गुणांसाठी होती. गुण मिळाल्यावर ती वस्तू माळ्यावर जात असे. पुष्कळदा ती दुकानातून विकत आणलेली किंवा वडील भावंडांनी करून दिलेली असे, आणि त्यामुळे कोणाचे काही बिघडत नसे. ज्या कामात फसवणूक करूनही कोणाचे काही बिघडत नाही, त्या कामातून प्रामाणिकपणाचे शिक्षण कसे मिळणार? कार्यानुभवाच्या अपयशाची कारणमीमांसा साधनांचा अभाव, तासांची कमतरता, शिक्षकांची उदासीनता अशी केली जाते. ती कारणे खरी आहेत. पण ती दुय्यम आहेत. त्या वस्तूची वाट पाहणारे कोणी नव्हते, हे मुख्य कारण होय.

४. पाबळचा धडा

या पार्श्वभूमीवर पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ येथील प्रयोग उद्बोधक ठरतो. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातील जबाबदारीचे पद सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग (१९२८–२००३) यांनी १९८३ मध्ये या अवर्षणप्रवण गावात विज्ञान आश्रमाची स्थापना केली. भारतीय शिक्षण संस्थेचे केंद्र म्हणून हे काम सुरू झाले. ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा त्यांचा अभ्यासक्रम इयत्ता आठवी ते दहावीसाठी असून, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य हे त्याचे चार विभाग होत. आठवड्यातील एक दिवस कामासाठी राखून ठेवलेला असतो आणि गावातील कुशल कारागीर निदेशक म्हणून शिकवतात. राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने त्याला पूर्वव्यावसायिक विषय म्हणून मान्यता दिली. पुढे हा अभ्यासक्रम महाराष्ट्रातील व बाहेरील अनेक शाळांत पसरला.

या अभ्यासक्रमाचे दोन विशेष आपल्या विषयाला धरून आहेत. एक असा की, तो वर्गातील सर्व विद्यार्थ्यांसाठी आहे. ‘अभ्यासात कच्च्या’ मुलांना वळविण्याची ती आडवाट नाही. दुसरा असा की, त्यात ‘लोकोपयोगी सेवा’ या तत्त्वाला मध्यवर्ती स्थान आहे. विद्यार्थी जोडकामाचा सराव फुकट जाणाऱ्या लोखंडाच्या तुकड्यांवर करून थांबत नाहीत. शाळेला किंवा गावातील कोणाला हवे असलेले फाटक, टेबल किंवा स्टँड करून देतात. त्यासाठी माप घ्यावे लागते, सामानाचा अंदाज काढावा लागतो, मजुरी धरून किंमत सांगावी लागते आणि ठरलेल्या दिवशी वस्तू द्यावी लागते. फाटक बिजागरीत बसले नाही तर मालक ते परत पाठवितो. त्या परतीत जे शिक्षण आहे, ते शिक्षकाच्या शेऱ्यात नाही.

येथे वर्धा योजनेशी असलेला भेद स्पष्ट होतो. पाबळच्या पद्धतीत शाळेचा डोलारा मुलांच्या कमाईवर उभा नाही. कमाई ही शिक्षणाचे साधन आहे. शिक्षणाचा आधार नाही. प्रा. शाह यांच्या आक्षेपाला मिळालेले हे व्यवहारातील उत्तर आहे, असे मला वाटते.

५. बुलढाणा जिल्हा : एक प्रकल्प

बुलढाणा जिल्ह्याचे तेरा तालुके लोकव्यवहारात ‘घाटावरचे’ आणि ‘घाटाखालचे’ अशा दोन भागांत विभागले जातात. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा यांचा पठारी प्रदेश वेगळा आणि मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर यांचे पूर्णेचे खोरे वेगळे. खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात भूजल क्षारयुक्त आहे; पठारावर पाण्याची चणचण आहे. दोन्ही भागांत शेती प्रामुख्याने पावसावर अवलंबून आहे आणि सोयाबीन हे आता खरिपाचे एक प्रमुख पीक झाले आहे. देऊळगाव राजा परिसरात शेडनेटमधील भाजीपाला बीजोत्पादनाने चांगले मूळ धरले आहे. बियाणे ही वस्तू येथील मुलांच्या घरात, बोलण्यात आणि काळजीत असते. म्हणून प्रकल्पाची निवड बियाण्यापासून करणे सयुक्तिक होईल. येथे सोयाबीनच्या घरगुती बियाण्याची उगवणशक्ती तपासणे या कामाचा विचार करू.

सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक असल्यामुळे सरळ वाणाचे बियाणे शेतकरी घरचे राखून पुन्हा पेरू शकतो. परंतु सोयाबीनच्या दाण्याचे आवरण पातळ असते आणि अंकुर त्या आवरणालगतच असतो. मळणीयंत्राचा वेग अधिक झाला, पोती उंचावरून आपटली, थप्पी फार उंच लावली किंवा साठवणीत ओल राहिली, तर दाणा वरून धडधाकट दिसूनही आतून निकामी होतो. बियाण्याच्या मानकाप्रमाणे सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के असावी लागते. २०२० च्या खरिपात विदर्भ व मराठवाड्यातून सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मोठ्या संख्येने आल्या, हे अनेकांना स्मरत असेल. दुबार पेरणी म्हणजे बियाणे, खत आणि मजुरी यांचा दुसऱ्यांदा खर्च. शिवाय पावसाचे दिवस निघून जातात, ते परत येत नाहीत.

तपासणीची रीत साधी आहे. पोत्यांच्या वरच्या, मधल्या व खालच्या थरांतून मूठमूठ दाणे घ्यावयाचे. ते एकत्र मिसळून, निवड न करता शंभर दाणे मोजावयाचे. वर्तमानपत्राच्या कागदाला घड्या घालून तो भिजवावयाचा, त्यावर दाणे ओळीने मांडून गुंडाळी करावयाची आणि ती सावलीत ओलसर ठेवावयाची. कागदाऐवजी ओले गोणपाटही चालते. चारपाच दिवसांनी, गोणपाट असल्यास सहासात दिवसांनी, गुंडाळी उघडून सशक्त कोंब तेवढे मोजावयाचे. वेडेवाकडे, कुजलेले किंवा बुरशी धरलेले दाणे मोजणीत धरावयाचे नाहीत.

आता या एवढ्याशा कामात किती विषय सामावले आहेत ते पाहावे. अंकुरण, बीजाची रचना आणि बुरशी हे जीवशास्त्र झाले. ७० टक्के उगवणीच्या बियाण्यासाठी एकरी ३० किलो हे प्रमाण धरले, तर ६० टक्के उगवणीला ३० गुणिले ७० भागिले ६० म्हणजे ३५ किलो लागतील. ६५ टक्क्यांना सुमारे ३२.३ किलो. हे व्यस्त प्रमाण झाले. उगवण ६० टक्के असताना शेतकऱ्याने अजाणता ३० किलोच पेरले, तर शेतात अपेक्षित रोपांपैकी सातवा हिस्सा कमी उभा राहील. हा सातवा हिस्सा मुलाने एकदा काढला म्हणजे अपूर्णांक हा त्याच्या दृष्टीने पुस्तकातील विषय राहत नाही. समवाय म्हणतात तो हाच. परंतु येथे शिक्षकाला तो ओढूनताणून आणावा लागत नाही, कामच तो घडवून आणते.

याहून महत्त्वाचा धडा अनिश्चिततेचा आहे. शंभर दाण्यांची एकच गुंडाळी पाहून निर्णय देणे धोक्याचे असते. खरी उगवण ७० टक्के असलेल्या बियाण्यातून शंभर दाणे घेतले, तर केवळ योगायोगाने आकडा ६१ पासून ७९ पर्यंत कोठेही येऊ शकतो. वीसपैकी सुमारे एकोणीस वेळा तो या मर्यादेत राहील. शंभरशंभरच्या चार गुंडाळ्या केल्या, म्हणजे चारशे दाणे तपासले, तर हीच मर्यादा सुमारे साडेपासष्ट ते साडेचौऱ्याहत्तर इतकी आकुंचित होते. उदाहरणादाखल, चार गुंडाळ्यांत ७४, ६६, ७१ आणि ६९ कोंब निघाले असे समजू. सरासरी ७० येते. पहिली गुंडाळीच पाहून थांबलेला विद्यार्थी निश्चिंत होईल. दुसरीच पाहून थांबलेला घाबरेल. चारही पाहणारा विद्यार्थी ‘बियाणे मर्यादेवर आहे, पेरणीपूर्वी पुन्हा एकदा पाहू’ असे म्हणेल. नमुना-निवडीचे शास्त्र पदव्युत्तर वर्गात आपण ज्या कष्टाने शिकवितो, त्याचे बीज आठवीच्या वर्गात असे रुजू शकते.

आणि मग निकाल सांगण्याचा प्रसंग येतो. ज्याचे बियाणे ५२ टक्के उगवले, तो शेतकरी वर्गातील मुलीचा काका असू शकतो. त्याने वर्षभर सांभाळलेल्या पोत्यांविषयी ‘हे पेरू नका’ असे त्याला सांगावयाचे आहे. कोणत्या शब्दांत सांगावे? त्याने विश्वास ठेवला नाही तर काय दाखवावे? आपली मोजणी चुकली असण्याचा संभव किती? चांगल्या बियाण्याला वाईट ठरविले तर त्याला विनाकारण विकतचे बियाणे घ्यावे लागेल. वाईटाला चांगले ठरविले तर त्याचा हंगाम जाईल. या दोन चुकांचे मोल सारखे नाही, आणि ते कोणी भरावयाचे हाही प्रश्न आहे. चिकित्सक विचार, निर्णय, संवाद, समानुभूती आणि ताण ही आरोग्य संघटनेच्या यादीतील पाच नावे येथे एका उंबरठ्यावर, एका प्रसंगात उभी राहतात.

६. उद्यमदृष्टी कशास म्हणावे

उद्यमशीलतेचे शिक्षण म्हटले की शाळेत बाजार भरविणे, मुलांनी भेळ विकणे, नफा मोजणे असे चित्र डोळ्यांपुढे येते. यात आनंद आहे, काही शिक्षणही आहे. परंतु उद्यमदृष्टीचा गाभा विक्रीत नाही. गरज कोणाची आहे हे ओळखणे, ती भागविण्याची जबाबदारी पत्करणे आणि त्यातील जोखीम डोळसपणे मोजणे, हा तिचा गाभा होय.

आपल्या प्रकल्पातच तिचा विचार करता येईल. तपासणीला शुल्क असावे का? असल्यास किती? समजा, पिशवी, दोरा व निकालपत्र मिळून एका नमुन्याला सहा रुपये लागले आणि शुल्क वीस रुपये ठेवले. मुले म्हणतील, चौदा रुपये नफा. येथे शिक्षकाने एकच प्रश्न विचारावा : नमुना आणण्यात, मांडण्यात आणि मोजण्यात दोघांचा मिळून जो दीड तास गेला, तो कोठे लिहिला? तो लिहिला की नफ्याचा तोटा होतो. हा प्रश्न शाळेच्या खोलीत राहत नाही. त्या मुलांच्या घरी आईवडील, आजोबा सर्वजण शेतात राबतात आणि वर्षाच्या हिशेबात त्या श्रमांची नोंद बहुधा नसते. कृषी खर्च व मूल्य आयोग कुटुंबाचे श्रम धरून आणि न धरून असा वेगवेगळा उत्पादनखर्च काढतो. शेतमालाच्या रास्त भावाविषयीचा महाराष्ट्रातील दीर्घ वाद बऱ्याच अंशी याच प्रश्नाभोवती फिरलेला आहे. वीस रुपयांच्या हिशेबातून मूल त्या वादाच्या दारात येऊन पोहोचते.

दुसरा प्रश्न शुल्क केव्हा घ्यावे हा. निकाल चांगला आल्यावर लोक आनंदाने पैसे देतील, वाईट आल्यावर कुरकुरतील. म्हणून शुल्क निकालापूर्वी घ्यावे आणि ते निकालावर अवलंबून असू नये. तिसरा प्रश्न, शाळेने तपासणीबरोबर बियाणेही विकावे का? फायदा होईल, पण ज्याला विकावयाचे आहे त्याने दुसऱ्याच्या बियाण्याला वाईट ठरविले, तर त्याच्यावर विश्वास कोण ठेवील? हितसंबंधांचा विरोध ही अवघड संकल्पना चौदा वर्षांच्या मुलांना स्वतःच्या व्यवहारातून समजू शकते. विश्वास हेच या व्यवसायाचे भांडवल आहे, हे त्यांना उपदेशाशिवाय कळते.

दिल्ली सरकारने २०१९ मध्ये उद्यमवृत्तीचा अभ्यासक्रम सुरू केला आणि २०२१ मध्ये अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना प्रत्येकी दोन हजार रुपयांचे बीजभांडवल देण्याची योजना आखली. तोटा सोसण्याची ऐपत नसलेल्या घरांतील मुलांना तोट्याचा अनुभव सुरक्षितपणे घेता यावा, ही तिच्यातील ग्राह्य बाजू होय. मात्र शहरातील ग्राहक आणि खेड्यातील शेजारी यांत भेद आहे. खेड्यात ज्याला चुकीचा निकाल दिला, तो उद्या रस्त्यात भेटतो. ग्रामीण शाळेच्या प्रकल्पाला हे नैतिक भांडवल आपोआप मिळालेले आहे; त्याचा उपयोग करून घेतला पाहिजे.

७. आक्षेप व मर्यादा

पहिला आक्षेप बालश्रमाचा. बीजोत्पादनाच्या परिसरात तो अधिकच गंभीरपणे घेतला पाहिजे. २०१६ च्या सुधारित कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना सर्व व्यवसायांत कामावर ठेवण्यास मनाई केली आहे. शाळेच्या वेळेबाहेर घरच्या धोकारहित कामात हातभार लावणे त्यातून वगळले आहे. कायद्याची मर्यादा पाळूनही शिक्षणशास्त्रीय मर्यादा वेगळी आखावी लागते. त्याच क्रियेची पुनरावृत्ती नवे काही न शिकविता चालू राहिली, की प्रकल्प संपला आणि मजुरी सुरू झाली असे समजावे. शंभरावा नमुना मोजताना मुलाला नवा प्रश्न पडत नसेल, तर ते काम गावातील तरुणांच्या गटाकडे सोपवून शाळेने पुढच्या प्रश्नाकडे वळावे.

दुसरा आक्षेप प्रतिष्ठेचा. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या हाताचे काम केले आणि त्यातून सुटका व्हावी म्हणून मुलांना शाळेत घातले, त्या पालकांना ‘पुन्हा शेतीच का?’ असे वाटले तर त्यांना दोष देता येत नाही. जातिव्यवस्थेने श्रम आणि विद्या यांची जी फारकत केली, तिचा तो न्याय्य संशय आहे. त्याचे उत्तर एकच : हे काम वर्गातील प्रत्येकाने करावे आणि त्यातील गणित व विज्ञान उच्च प्रतीचे असावे. मोजणी वरच्या बाकावरच्या मुलांनी आणि पोती हलविणे खालच्या बाकावरच्यांनी, अशी विभागणी झाली तर प्रकल्पाने जुनाच धडा नव्याने शिकविला असे होईल.

तिसरी मर्यादा कालदर्शिकेची आहे. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागून उघडतात. तोवर पेरण्यांना अनेक ठिकाणी आरंभ झालेला असतो. म्हणून उगवणीची तपासणी जूनमध्ये ठेवून उपयोग नाही. पहिली फेरी मार्च-एप्रिलमध्ये, परीक्षेच्या धांदलीआधी उरकावी लागेल. पेरणीपूर्वीची फेरपरीक्षा मुलांनी सुटीत घरी करावी लागेल. शाळेचे वर्ष आणि शेतीचे वर्ष जुळत नाही, ही गोष्ट लहान दिसते. पण आजवरचे किती उपक्रम याच खडकावर फुटले असतील, याचा शोध घेण्याजोगा आहे.

चौथी मर्यादा प्रकल्पाच्या निवडीची. प्रत्येक खरा प्रश्न मुलांच्या प्रकल्पाला योग्य असतोच असे नाही. खारपाण पट्ट्यातील विहिरींच्या पाण्यातील एकूण विद्राव्य क्षार मोजणे हे काम सोपे आहे. पिण्याच्या पाण्यात त्यांचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत ग्राह्य आणि पर्यायी स्रोत नसल्यास २००० पर्यंत चालू शकते, हे मानकही उपलब्ध आहे. परंतु आकडा काढल्यावर ज्या घरापुढे दुसरा पर्यायच नाही, त्याला मुलाने काय सांगावे? असा प्रकल्प ग्रामपंचायतीशी आधी बोलून, तिने निकालावर काही करण्याची तयारी दर्शविल्यावरच घ्यावा. ज्या ज्ञानावर कृती करता येत नाही, त्याचे ओझे मुलांच्या खांद्यावर टाकणे इष्ट नाही.

८. मूल्यमापन आणि संशोधनाची दिशा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरविरहित दिवसांची तरतूद केली आणि २०२५ पर्यंत किमान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यावसायिक शिक्षणाचा परिचय व्हावा असे उद्दिष्ट ठेवले होते. अशा तरतुदींचे काय होते, हे त्यांच्या मूल्यमापनावर ठरते. वस्तूला गुण दिले, की कार्यानुभवाची पुनरावृत्ती झालीच म्हणून समजावे. गुण नोंदवहीला द्यावेत. गुंडाळी उघडण्यापूर्वी विद्यार्थ्याने आपला अंदाज लिहावा, नंतर प्रत्यक्ष आकडा लिहावा आणि दोहोंतील अंतराचे कारण शोधावे. तोंडी परीक्षेत ‘उगवण किती?’ यापेक्षा ‘या आकड्यावर तू किती विश्वास ठेवतोस, आणि का?’ असे विचारावे. पेरणीनंतर पंधरवड्याने त्याच शेतात जाऊन उभी रोपे मोजावीत. हा कामाचा अखेरचा व सर्वांत प्रामाणिक परीक्षक होय.

आपल्या विभागातील संशोधकांपुढे या निमित्ताने काही प्रश्न ठेवावेसे वाटतात. एका प्रकल्पात कमावलेली सावधगिरी, उदाहरणार्थ नमुना पुरेसा मोठा घेण्याची, दुसऱ्या अपरिचित प्रसंगी टिकते का? कौशल्याचे संक्रमण हा शैक्षणिक मानसशास्त्रातील जुना वाद आहे. त्याला येथे ताजे क्षेत्र उपलब्ध आहे. शेतमजुरांच्या आणि शेतमालकांच्या मुलांना एकाच प्रकल्पातून सारखाच लाभ होतो का? मुलीने दिलेला निकाल गाव मुलाच्या निकालाइतकाच मानते का? घाटावरील व घाटाखालील काही शाळांत समांतर पाहणी केल्यास, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आणि जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्रे यांच्या साहाय्याने, या प्रश्नांची उत्तरे दोनतीन हंगामांत मिळण्याजोगी आहेत. त्यासाठी मोठे अनुदान लागत नाही. हंगाम न चुकविण्याची शिस्त लागते.

सारांश, जीवनकौशल्ये स्वतंत्र तासिकेत शिकविण्याचा विषय नाहीत, तशी ती नुसत्या हस्तव्यवसायाने आपोआप येणारी देणगीही नाहीत. मुलाच्या कामावर कोणाचा तरी हंगाम अवलंबून असावा. मुलाला ते ठाऊक असावे. आणि चूक झाल्यास ती सावरावयास शिक्षक पाठीशी असावा. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे शाळेतील काम शिक्षण या पदवीला पात्र होते. ओल्या वर्तमानपत्राच्या गुंडाळीत त्या एकत्र येऊ शकतात, एवढेच येथे दाखवावयाचे होते.